रेणूचा कूलर

वीरेंद्रची मोटारसायकल धानाच्या बांधीत शिरली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. वरठीच्या पोलाद कारखान्यातली रात्रपाळी संपवून तो मोहाडीला घरी निघाला होता. रस्ता सरळ, रहदारी नावाला नाही, तरी गाडी उतरली ती थेट उभ्या पिकात. चिखल मऊ होता म्हणून निभावलं. कोपर खरचटलं आणि गाडीचा आरसा तुटला, इतकंच. घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, कुत्रा आडवा आला.

रेणू त्याच्या कोपराला हळद लावत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कोणत्या रंगाचा होता?"

वीरेंद्रला रंग पटकन सुचला नाही. "काळा," तो म्हणाला खरा, पण तेवढ्यात तिला समजायचं ते समजलं होतं. नवऱ्याला गाडीवर डुलकी लागली होती. आणि डुलकी का लागली, हेही तिला समजलं.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत वीरेंद्रची खाट, बाहेरच्या खोलीत रेणूचा कॉम्प्युटर, मध्ये दार नाही, नुसता पडदा. रेणू विणकराच्या घरची. तिचे वडील मागावर कोशाच्या रेशमाच्या साड्या विणायचे. ती त्याच साड्यांचे काठ आणि पदर कॉम्प्युटरवर चौकट चौकट भरून काढायची आणि गावातल्या विणकरांना द्यायची. तिचे हंस आणि कोयऱ्या विणकर मागून नेत. कॉम्प्युटर मात्र जुना, बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून आणलेला. मोठा पदर उघडला की त्याच्या पोटातला पंखा घरघरायला लागे. काम थांबलं की आवाज उतरे, पुन्हा चढे.

वीरेंद्र कारखान्याच्या धडधडाटात बसल्या बसल्या झोपू शकत असे. एकसारखा आवाज माणसाला झोपवतो. पण हा चढता-उतरता आवाज त्याला दर थोड्या वेळाने हलवून उठवी. त्याने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. रेणूच्या कामाचा त्याला अभिमान होता, आणि त्या कामात आपली झोप मध्ये आणायची त्याला लाज वाटे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला तर कॉम्प्युटर बंद. रेणू जमिनीवर आलेखाचा कागद पसरून पेन्सिलीने चौकटी भरत होती, डोळे बारीक करून.

"बंद काहून ठेवला?"

"हातानं पण होते."

"तुळशीच्या लग्नानंतरचे सारे ऑर्डर आहेत ना? कवा होईन हे?"

"होईन. तुमी झोपा."

तो म्हणे तू चालव, ती म्हणे तुम्ही झोपा. दोघंही हटेनात. असे दोन-चार दिवस गेले. मग एका सकाळी चहा देताना रेणू म्हणाली, "मले कूलर घ्याचा आहे."

"दिवाळीच्या तोंडावर कूलर कायले?"

रेणू हसली. "खोलीतला नाई. कॉम्प्युटरमधी प्रोसेसर असते, त्याच्या डोक्यावर पंखा बसते, त्याले पण कूलरच म्हणतात. आपला पुराना झाला, आणि छोटा आहे. म्हणून ओरडते."

वीरेंद्रने ही गोष्ट मनावर घेतली. पाळीवरचा सोबती भुपेंद्र कॉम्प्युटरमधलं थोडंफार जाणायचा. सुट्टीच्या दिवशी दोघं नागपूरला गेले आणि दुकानातला सगळ्यात रुबाबदार कूलर घेऊन आले. उंच, चकचकीत, लावला की रंगीत दिवे लागणारा. रेणूने तो हातात घेऊन मनापासून न्याहाळला. मग पट्टी आणली, कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा काढला, आत मोजलं, कूलरही मोजला.

"उंच आहे," ती हळूच म्हणाली. "हा बसवला तर पत्रा लागणार नाई."

"मग पत्रा काढूनच ठेवू."

"तसं केलं तर आवाज सारा बाहेर येईन. आणि पाल आत जाईन."

वीरेंद्रचं तोंड उतरलं. रेणूने कूलर होता तसा डब्यात बांधला. "तुमी आणला म्हणून उंचीचं ध्यानात आलं," ती म्हणाली. हे खरं नाही, हे वीरेंद्रला दिसत होतं. आतली मापं तिने आधीच खडूने पत्र्यावर लिहून ठेवली होती. तरी तिने ते बोलून त्याला खाली पाहायला लावलं नाही. तो कूलर भुपेंद्रने आपल्या पोरासाठी ठेवून घेतला.

त्यानंतर वीरेंद्र चहा घेऊन तिच्या शेजारी बसू लागला. मोबाइलच्या उजेडात तिने आतल्या बोर्डावरचा बारीक नंबर वाचला. कूलर ज्या चार भोकांत बसतो त्यांच्यामधलं अंतर मोजलं. आपला प्रोसेसर किती तापतो, लोकांनी तसल्या जुन्या मशीनवर काय लावलं, कोणाला पस्तावा झाला, सगळं शोधून वाचलं.

"छोट्या पंख्याले तेवढीच हवा द्याले जोरात फिराव लागते," तिने त्याला सांगितलं. "मोठा असला तर हळू फिरला तरी भागते."

"पण मोठा तर मावत नाई म्हणते ना तू."

"उभा मावत नाई. ताटासारखा आडवा मावते."

तिने पुठ्ठा कापून त्या मापाचा एक आडवा डबाच बनवला आणि आत ठेवून पाहिला. शेजारच्या मेमरीच्या पट्ट्यांना तो जरा अडत होता. मग थोडा बुटका बनवला. तो बसला, पत्राही लागला. पुठ्ठ्याचा तो डबा पिशवीत घालून दोघं भंडाऱ्याला गेले.

चंद्रकुमारच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तसले आडवे कूलर दोन निघाले. दोन्ही पुठ्ठ्याच्या डब्यात बसत होते. रेणू म्हणाली, "भाऊ, दोन्ही चालवून दाखवता काय?"

त्याने वायर जोडून पंखे फिरवले. पण बाहेर रस्त्यावर ऑटो, ट्रक, शेजारी मिक्सर दुरुस्तीवाला.

"इथं ऐकू येत नाई. मागं खोली आहे काय?"

चंद्रकुमारने वीरेंद्रकडे पाहिलं. वीरेंद्रने रेणूकडे पाहिलं. मग तिघंही मागच्या माल ठेवायच्या खोलीत गेले. रेणूने पहिला पंखा कानाजवळ धरला आणि डोळे मिटले.

"हवेचा आवाज कमी आहे. पण आतून बारीक किर्र येते."

चंद्रकुमारला काही ऐकू आलं नाही, पण माणूस हौशी होता. त्याने छताचा पंखा बंद केला, पुढे जाऊन शटर अर्धं ओढलं आणि पुन्हा कान लावला. "येते, ताई," तो म्हणाला. दुसरा पंखा जरा जास्त वारा करत होता, पण सूर एकच, कुठे खरखर नाही. रेणूने तो घेतला. चंद्रकुमार शटरपर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "बसवल्यावर कसा चालला ते फोन करून सांगजा. मले पण पाहाच आहे."

बसवायला रेणूने खाटेवर चादर अंथरली आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले. जुना पंखा निघाला. त्याच्याखालचा, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा लेप वाळून भिंतीच्या पोपड्यासारखा झाला होता. तो तिने कापसाने पुसला आणि नव्या लेपाचा मुगाएवढा थेंब ठेवला. मग चार स्क्रू. एक थोडा फिरवला, मग त्याच्या समोरचा कोपरा, मग उरलेले दोन, पुन्हा पहिला. वीरेंद्र पाहतच राहिला. कारखान्यात मोठे बोल्ट असेच आवळतात, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. हे त्याला मिस्त्रीच्या शिव्या खाऊन शिकायला लागलं होतं.

कॉम्प्युटर सुरू केला तर स्क्रीनवर सूचना आली, पंखा सापडत नाही. रेणूने शांतपणे बटण बंद केलं, आत पाहिलं आणि म्हणाली, "वायर शेजारच्या जागी लावली मी." ती काढून योग्य जागी लावली. मग म्हणाली, "तुमी आत जाऊन झोपा. मी सगळ्यात मोठा पदर उघडीन."

वीरेंद्र खाटेवर आडवा झाला आणि वाट पाहू लागला. वरचा पंखा फिरत होता. बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"उघड आता," त्याने आतून हाक मारली.

"कवाचाच उघडला आहे," पडद्यापलीकडून रेणू म्हणाली.

पुढच्या रात्रपाळीनंतर तो घरी येऊन जेवला आणि झोपला. जाग आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. इतकी शांतता होती की वीज गेली असावी असं त्याला वाटलं. त्याने पडदा सरकवला. स्क्रीनभर हंसांची रांग होती, आणि रेणू शेवटच्या हंसाची मान एकेक चौकट भरून वळवत होती. तिला तो उठल्याचं कळलं नाही. वीरेंद्र अनवाणीच स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेला आणि भांड्याचा आवाज होऊ न देता त्याने चहा ठेवला.