गेंड्याच्या पोटातली रेघ

मामाच्या घरामागच्या शेडमध्ये गेंडा राहतो. गेंडा म्हणजे विमानं ओढायचा जुना ट्रॅक्टर. बुटका, रुंद, राखाडी, आणि ओढताना चाकं घसरू नयेत म्हणून अंगावर जाड लोखंडी पाट्या लादलेला. विमानतळाने तो मोडीत काढला तेव्हा मामाने घरी आणला. मामा आणि मामी दोघंही नोकरीत असताना तोच चालवायचे. मामी सकाळच्या पाळीत, मामा दुपारच्या.

येत्या रविवारी विमानतळावर जुनं, रंग दिलेलं एक विमान हँगरमधून काढून दर्शनी हिरवळीवर न्यायचं होतं. ते गेंड्यानेच ओढावं असं तिथल्या व्यवस्थापकाला वाटलं आणि घरात युद्ध पेटलं. कारण गेंड्यावर सीट एकच आहे.

"मी चालवणार. फोटो कुणाचा आहे?" मामा म्हणाला.

फोटो दिवाणखान्यात आहे. पहिलं मोठं जेट उतरलं त्या दिवशीचा. मागे डोंगराएवढं विमान, पुढे गेंडा, आणि त्यावर मामा, मिशीसकट.

"फोटोच्या दिवशी पाळी माझी होती," मामी म्हणाली.

"होती. पण तुझ्या हाताने तो सुरू झाला नाही, त्याला मी काय करू?"

हे ती तीस वर्षं ऐकत आली आहे. त्या सकाळी सगळ्या विमानतळासमोर गेंडा तिच्याकडून नुसता खोकत राहिला. कुणीतरी म्हणालं, मशीनला बाईचा हात कळतो. मग जवळच चहा पीत असलेला मामा धावत आला, इंजिनात हात घालून काहीतरी चाचपलं आणि एका चावीत गेंडा सुरू.

मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन सुट्टीला आले होते, म्हणून मामाने मला इंजिन दाखवायला शेडमध्ये नेलं. आजच्या इंजिनांत व्हॉल्व्ह डोक्यात असतात. गेंड्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, खालच्या ठोकळ्यातच. त्यामुळे वरचं डोकं म्हणजे नुसतं सपाट लोखंडी झाकण, त्यावर रांगेत उभे सहा प्लग. त्या झाकणावर डबे ठेवले की जेवण आपोआप गरम व्हायचं.

"डोक्यात काही नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही," मामा अभिमानाने म्हणाला.

"अगदी मालकावर गेलंय," शेडला लागून असलेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

मामाने आवाज खाली आणला. म्हणजे त्याला वाटलं, आणला. "आता तुला गंमत सांगतो. हा कसा बंद पाडायचा, ठाऊक आहे? हा रोटर." त्याने एक गोल टोपी उघडून अंगठ्याएवढा काळा तुकडा काढला. त्याच्या माथ्यावर पितळी पट्टी होती. "हा फिरतो आणि सहा प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटतो. याच्या पोटावर, पितळेपासून खालच्या दांड्यापर्यंत, शिसपेन्सिलीने एक रेघ मारायची. बस्स."

"ग्राफाइटमधून वीज वाहते," मी म्हणाले. "ठिणगी प्लगपर्यंत न जाता लोखंडात जिरेल."

"शिकलेली पोर! आणि थुंकी लावून अंगठा फिरवला की पुरावाही गायब." मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. "नाहीतर मला तो फोटो मिळतो होय?"

"म्हणजे तू मामीच्या पाळीच्या आदल्या संध्याकाळी..."

"शू! नंतर मीच तिला चहा पाजला, धीर दिला. तिथूनच तर लग्न जुळलं. आमच्या संसाराचा पाया पेन्सिलीचा आहे म्हण ना."

खिडकीतला भांड्यांचा आवाज थांबला होता. पण हे मला नंतर आठवलं.

शनिवारी गेंडा सुरू होईना. मामाने पेट्रोल पाहिलं, प्लग पुसले, शिव्या दिल्या, गोंजारलं. रोटरही काढून चष्म्याशिवाय वरून पाहिला आणि परत बसवला. चष्मा लावला की म्हातारा दिसतो, असं त्याचं मत आहे. मामी दारात भाजी निवडत बसली होती.

"मशीनला हात कळतो हो," ती म्हणाली.

"भाचीबाई, तुझं शास्त्र लाव आता," मामा रडकुंडीला आला. "उद्या नाक कापलं जाणार माझं."

मी क्रमाने गेले. पेट्रोल येत होतं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवलं तर हवेचा दाब अंगठा उडवत होता. ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलच्या तारेतून निळी ठिणगी निघत होती, प्लगपाशी मात्र अंधार. म्हणजे चोर या दोघांच्या मधे. मी रोटर काढून उलटा केला.

पोटावर रेघ होती. जुन्या रोटरवर ठिणग्यांनी आपोआप काळ्या वाटा पडतात, हे मला माहीत होतं. पण त्या वाटा वेड्यावाकड्या असतात, त्यांना फाटे फुटतात. ही रेघ नाकासमोर चालणारी होती. वीज पट्टी लावून धावत नाही.

मी मामीकडे पाहिलं. तिने भाजीतून डोकं वर केलं नाही, पण तिच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती. कपड्यावर माप आखायची, नेहमीची.

मला पुसून टाकता आलं असतं. पण तीस वर्षांचा हिशेब मी थुंकीने का मिटवावा? मी रोटर मामाच्या तळहातावर उलटा ठेवला आणि त्याच्याच खिशातला चष्मा त्याच्या नाकावर चढवला.

"सापडला दोष," मी म्हणाले. "काय आहे ते तूच मामीला सांग, मामा."

मामाने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचे कान लाल झाले. दोष सांगायचा तर तो आपल्याला कसा ओळखता आला, हेही सांगावं लागणार होतं.

"काय झालंय हो त्याला?" मामीने विचारलं.

"काही नाही," मामा घसा साफ करत म्हणाला. "जुनं दुखणं आहे."

"किती जुनं?"

"फोटोएवढं."

मामी उठली, हात झटकले, आत आली. मामाने रोटर तिच्यापुढे धरला. तिने अंगठ्याला थुंकी लावली आणि सावकाश, अगदी चवीने, रेघ पुसली. रोटर बसवला, टोपी लावली, सीटवर चढून चावी फिरवली. गेंडा जाड आवाजात गुरगुरला आणि शेडचे पत्रे थरथरले.

"उद्या हीच चालवेल," मामा मला म्हणाला. "गेंड्याला हिचाच हात कळतो."

"मोठ्याने," वरून मामी.

"हीच चालवेल!" मामा ओरडला. शेजाऱ्यांनीही ऐकलं.

रविवारी विमानतळावर माणसं जमली होती. मामी नवे बूट घालून आली. गेंड्यावर चढण्यापूर्वी तिने मामासमोर हात पुढे केला. मामाला वाटलं, आधार हवाय. त्याने हात दिला.

"हात नकोय. पेन्सिल."

मामाने जगातला सगळा निरागसपणा चेहऱ्यावर आणला, मग शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढून दिली.

मामीचा हात हलला नाही.

"दुसरी."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. मग तो वाकला आणि त्याने मोज्यातून दुसरी काढली.