जांभळ्याचा निळा कोणी केला?

केकच्या दुकानासमोर सकाळपासून मुंगीला शिरायलाही वाव नव्हता. काचेमागच्या केकवरची जांभळी फुलं कालच्या एका दुपारीत निळी झाली होती. केकवाल्या बाईंची लहानगी मुलगी दोन महिन्यांपूर्वी तापाने गेली होती, आणि जांभळा तिचा आवडता रंग होता. बंद ठेवलेलं दुकान बाईंनी कालच उघडलं होतं. लोकांना एवढं पुरेसं होतं.

"पोर येते!" गर्दीच्या पुढे उभे असलेले एक बाबा गरजले. "रंगातला गुलाबी तेवढा पिते, निळा आईसाठी ठेवते!"

हे बाबा पूर्वी नळ दुरुस्त करत. तेव्हा त्यांच्या हातून साधी गळती थांबत नसे. आता ते थेट परलोकाशी बोलत.

"हे आता दुकान नाही, पोरीची जागा आहे. किल्ली आमच्याकडे द्या. सेवा आम्ही करू."

बाई गल्ल्यामागे बसल्या होत्या. किल्ली मुठीतच होती, द्यायचं ठरलं होतं. पोर गेल्यापासून त्यांना काही वाटेनासं झालं होतं; ओव्हनचा चटका बसला तरी हात मागे घ्यायचं उशिरा सुचे. पोर येते हे ऐकूनही आनंद झाला नाही. पण येत असेल तर तिला जागा असावी, एवढंच.

"वहिनी, किल्ली उद्या दे," शाळेत विज्ञान शिकवणारी नणंद म्हणाली. "आज एक नवा केक कर."

बाईंनी मुकाट्याने केला. नणंदेने तो काचेमागे ठेवला आणि सगळ्यांदेखत अर्ध्या फुलांवर पुठ्ठ्याचा खोका उपडा घातला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने खोका उचलला. उघडी फुलं निळी झाली होती. खोक्याखालची जशीच्या तशी जांभळी होती.

गर्दी काचेला चिकटली, बाबा हटले नाहीत. "आज अर्ध्यातच पोट भरलं पोरीचं!"

"ते बरोबर खोक्यापाशीच भरलं?" नणंद म्हणाली. "परलोकातून येणाऱ्याला पुठ्ठा आडवा येतो, हे नवीनच ऐकते बाई!"

कुणीतरी खुदकन हसलं.

"गुलाबी आणि निळा कालवून हा जांभळा होतो," ती लोकांकडे वळली. "गुलाबी उजेडात लवकर उडतो, निळा टिकतो. दोरीवरचा कपडा उन्हाने विटतो, तसंच. म्हणून असा केक झाकून, उजेडापासून लांब ठेवायचा."

"मग आजवर का नाही उडाला?" बाबांना चेव आला. "केक वर्षानुवर्षं इथेच असतात! पोर गेल्यावरच कसा उडाला? बोला!"

लोक पुन्हा हात जोडू लागले.

बाई उठल्या. काचेच्या कडेला एक पडदा सरकवून ठेवलेला होता, त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"हा ती ओढायची," त्या सपाट आवाजात म्हणाल्या. "दुपारी शाळेतून आली, की दप्तर टाकायच्याही आधी. मला कधी सांगावं लागलं नाही. ती येते म्हणून रंग जात नाही, बाबा. ती येत नाही म्हणून जातो."

बाबा गर्दीत मागे सरकले.

"जा आता घरी," नणंद लोकांना म्हणाली. "आपल्या माणसाची आठवण खरी असते. तिच्यावर कुणी दुकान मांडलं, तर हात जोडायच्या आधी एक खोका ठेवून बघा."

लोक पांगले. बाईंनी किल्ली कमरेला खोचली आणि पडदा ओढला. तो मध्येच अडकतो, जरा हिसका द्यावा लागतो. हे त्यांना त्या दिवशी कळलं.