सफाचट तोंडाचा कर्णसिद्ध बाबा

कळंब्याच्या माळावर मंडप असा भरला होता की मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर कर्णसिद्ध बाबा. अंगात भगवी कफनी, गळ्यात माळांचं ओझं, आणि तोंड मात्र नवरदेवासारखं गुळगुळीत! पहिल्या रांगेत नवऱ्याशेजारी बसलेल्या बयाबाईनं दाढी नसलेला बाबा जन्मात बघितला नव्हता.

"कर्णदेवता कोपली की कान मिटतो!" बाबा माइकवरनं गरजत होता. "कानातल्या डॉक्टरी मशिनीनं देवता गुदमरते, भक्तहो! टाका ती पाटीत!" त्याच्या पायाशी ठेवलेल्या वेताच्या पाटीत चार-पाच मशिनी पडल्याही होत्या. "शिरोलीच्या फौंड्रीतलं कोण हाय? पुढं या!"

बयाबाईचा नवरा पिराजी टुणकन उठला. तीस वर्षं त्या ओतकामाच्या कारखान्यात ग्राइंडरवर लोखंड घासून त्याचे दोन्ही कान कामातनं गेलेले. गेल्याच आठवड्यात दवाखान्यातनं मशीन मिळालं होतं. पण "म्हातारा दिसतोय" म्हणून गड्यानं ते खिशातच ठेवलेलं. बयाबाईचा सगळा जीव त्या मशिनीत. पाच वर्षं ती स्वयंपाकघरातनं हाका मारायची नि पिराजी ढिम्म. घरात "जेवा" आणि "झोपा" एवढंच बोलणं उरलेलं. तिला फार एकटं वाटायचं.

पिराजीनं मशीन पाटीत टाकलं तशी ती उठून स्टेजच्या पायरीपाशी गेली.

बाबानं पिराजीच्या कानात तेल सोडलं, माइक खाली ठेवला, समोर बसला आणि नुसतं कुजबुजला, "गाव कुठलं?"

"मुरगूड!" पिराजी ओरडला.

"पोरं किती?"

"दोन!"

टाळ्या, शिट्ट्या! "आयला, कुजबुज ऐकली की ओ!"

बयाबाईही हरखली, पण घटकाभरच. समोर बसून बोललं तर हा माणूस घरीही उत्तर देतोच की! फौंड्रीच्या धडधडाटात कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही. गडी दिवसभर एकमेकांचे ओठ बघून बोलतात. म्हणून शिरोलीचेच गडी पाहिजेत होय! आणि ओठ नीट दिसावेत म्हणूनच तोंड सफाचट! ती तरातरा स्टेजवर चढली आणि पदराचं टोक तिनं बाबाच्या तोंडापुढं धरलं.

"आता इचारा."

"माते, देवतेचा अपमान होईल!"

"तुमची देवता पदराला भिती व्हय?"

मंडपात हशा पिकला. "इचारा की महाराज!" लोक ओरडले. बाबानं नाइलाजानं विचारलं, "बायकोचं नाव काय?" पुढच्या रांगेला ऐकू आलं. पिराजी आपला पदराकडं टकामका बघत राहिला.

बयाबाईनं पाटीतनं त्याचं मशीन हुडकलं, कान पुसला, मशीन बसवलं आणि त्याच्या पाठीमागं जाऊन म्हणाली, "अवो, हितं हाय मी."

पिराजी गर्रकन वळला. "केवढ्यानं वरडतीस!"

"हळूच बोललो की," बयाबाई म्हणाली.

"मला वाटलं, तू माझ्याशी बोलायचंच सोडलंस."

"रोज बोलतोय. तुमची पाठ असायची." बयाबाईला रडूच फुटलं.

बाबा मागच्या मागं सटकायला लागला, तोच मंडपातल्या पोरांनी त्याला अडवला. बयाबाईनं डोळे पुसून माइक उचलला.

"मंडळी, ओठ वाचायची कला आमच्या गड्यांची, ह्या बाबाची न्हाय. आवाजानं गेलेला कान तेलामंतरानं परत येत न्हाय. डॉक्टरला दाखवा, चष्मा लावतासा तसं मशीन लावा, लाजू नगासा. आन् घरच्यांनी समोर येऊन बोला. मी शाणी पाच वर्षं भांड्यांशीच बोलत बसलो."