हिरव्या पट्ट्याचा पंप

प्रफुल हे लिहिणारच नव्हता. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आपली चूक आपल्याच हातानं चव्हाट्यावर कशाला आणायची? मग एके दिवशी त्यानं ‘मी’ काढला, तिथं ‘प्रफुल’ घातलं, आणि बोटं चालायला लागली.

तर दोन हजार तीनचा पोळा. नागपूरचा हा पोरगा दोन वर्षांपूर्वी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात आपटला आणि एका संस्थेचा कार्यकर्ता होऊन सेलूच्या पलीकडच्या एका गावात रूपरावजींच्या घरी राहायला आला होता. बावीस शेतकऱ्यांचा गट होता. तीन वर्षं वावरात विषारी औषधाचा एक थेंब जायला नको, मग कापसाला प्रमाणपत्र मिळणार. तिसरं वर्ष चालू होतं. प्रफुलनं वावरावावरात फिरायचं, निंबोळीचा अर्क फवारायला मदत करायची, कोणी काय मारलं ते वहीत लिहायचं आणि खाली सही ठोकायची.

तपासणीचे साहेब तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होते. नियम असा, की गटानं आपली चूक आपणहून सांगितली तर ज्यांच्या वावरात चूक तेवढ्यांनाच पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. लपवली आणि साहेबांनी नेलेल्या पानांत औषध सापडलं, तर बावीसच्या बावीस बाद.

घरात प्रफुलचं चांगलं चाललं होतं. सकाळी पाचला रूपरावजींच्या पत्नी देवकाबाई ओरडायच्या, “उठ बाबू! कोंबडे उठले, बैल उठले, अन् कार्यकर्ता झोपूनच राह्यला!” मग शेण काढायचं, विहिरीवरून दोन गुंड, म्हणजे पितळी घागरी, पाणी आणायचं. पहिल्या महिन्यात त्यानं एक गुंड विहिरीत टाकला होता, ते गावाला अजून पाठ होतं. जेवताना तो दोन भाकरींवर थांबला की देवकाबाई म्हणायच्या, “नागपुरात पोट नसते का गा लोकायले?” त्यांचा मुलगा सचिन प्रफुलच्याच वयाचा. दोघं एकाच खोलीत झोपायचे, एकाच कंगव्यानं भांग पाडायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. लोणी आणि हळद कोमट करायची आणि पळसाच्या पानानं खांद्याला लावायची. प्रफुल वाटी धरून उभा होता. सचिननं बांड्या बैलाच्या मानेखालची कातडी ओढून दाखवली.

“पाह्य, एक तरी गोचिड दिसते का? मागच्या पोळ्याले तोरणाखाली उभा केला, तं लोक हासले ना बे. औंदा पाह्य म्हणा.”

“काय केलं?”

“औषध मारलं. कपाशीचं जुनं पडून होतं ना, लाल झाकणवालं. लय पातळ करून. गोठा बी मारून काढला.”

“कशानं मारलं?”

“पंपानं.”

“कोणत्या पंपानं बे?”

“आपल्या घरी काय धा पंप आहेत? तोच, हिरव्या पट्ट्याचा.”

हिरव्या पट्ट्याचा पंप गटाचा होता. त्यात अर्काशिवाय काही घालायचं नाही म्हणून प्रफुलनंच त्यावर रंगाचा पट्टा ओढला होता. तो आपल्या खोलीत कुलपात ठेवायचा, हा नियमही त्याचाच. पण खोलीत अर्काचा वास सुटायचा, डोकं दुखायचं. म्हणून महिन्याभरापूर्वी त्यानंच तो गोठ्यात खुंटीला टांगला होता.

“कधी मारलं?”

“बुधवारी.”

प्रफुलनं मनात दिवस मोजले. गुरुवारी रूपरावजींचं वावर. शुक्रवारी बबनराव आणि पुंडलिकराव. शनिवारी वच्छलाबाई. चारही ठिकाणी पंप प्रफुलच्याच पाठीवर होता. चारही ओळींखाली सही त्याचीच.

“धुतला होता ना?”

“दोन पाण्यानं.” सचिननं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. “कपाशीवर थोडी मारलं यार? बैलावर मारलं.”

त्याचं खरंच होतं. औषध वावरात चालत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पण गोठा म्हणजे काही वावर नाही. प्रफुलनं मात्र खुंटीवरच्या पंपाची नळी हुंगली. दोन पाण्यांनी तो वास गेला नव्हता. तीन दिवस तो पाठीवर घेऊन फिरला आणि अर्काच्या घाणीत त्याला काही कळलं नव्हतं.

“बाले सांगू नको,” सचिन म्हणाला. “साहेब काय सगळ्याच वावरात जाते? मांगच्या साली दोनच पाह्यले.”

बावीसातले दोन. प्रफुल दिवसभर तेच गणित घोकत राहिला. सांगितलं तर चार घरं नक्की बुडतात. नाही सांगितलं तर कदाचित कोणीच नाही. कदाचित सगळे. रात्री ताटात दुसरी भाकरी तशीच राहिली. देवकाबाईंनी ती उचलून टोपल्यात परत ठेवली. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

पोळ्याच्या दिवशी दुपारी वच्छलाबाई आल्या. नवरा गेल्यापासून तीन एकर एकट्या कसत होत्या. दिराशी भांडून गटात आल्या होत्या, ते प्रफुलच्याच शब्दावर. पदराखालून त्यांनी पुरणपोळी काढली.

“खाय. अन् उद्या साहेबाले पयले माह्याच वावरात घेऊन येजो. तण बी नाई अन् अळी बी नाई. पाहू दे ना, बाईचं वावर कसं असते ते.”

“हो मावशी,” प्रफुल म्हणाला. पोळी त्यानं कोनाड्यात ठेवली. त्या गेल्यावर तो खोलीत गेला आणि पिशवीत कपडे कोंबायला लागला. सेलूला जायला चारची बस होती. दोन शर्ट कोंबून झाले. तिसऱ्याला त्याचे हात थांबले. तो तसाच बाहेर आला.

रूपरावजी बैलांची शिंगं रंगवत होते. प्रफुलनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कुलपापासून सहीपर्यंत. रूपरावजींचा कुंचला शिंगावरच राहिला, रंग बैलाच्या कानावर ओघळला.

“तुमाले कवा कळलं, प्रफुलभाऊ?”

“काल.”

“मंग काल काऊन नाई सांगितलं?”

रूपरावजींनी फडक्यानं बैलाचा कान पुसला. “पोळा फुटू द्या. मंग जाऊ घरोघरी. बैल घेऊन जा लागतेच.”

तोरणाखाली बांड्या झकास दिसत होता. कोणी हसलं नाही. सचिनचं मात्र बैलाकडे लक्ष नव्हतं. बापाच्या तोंडावरून त्याला कळलं होतं.

तोरण तुटलं, पोळा फुटला आणि तिघं बैल घेऊन निघाले. पोळ्याला बैल दारी आले की बायका ताट घेऊन ओवाळायला बाहेर येतात. बबनरावांच्या दारी त्यांच्या बायकोनं बैलांच्या पायावर पाणी घातलं, आणि तेवढ्यात रूपरावजी बोलले. बबनरावांनी प्रफुलच्या आईबापापर्यंत सगळं काढलं. “डोळे फुटले होते का तुह्ये? लिहाले आलता का इख पाजाले?” बायको ताट घेऊन तशीच उभी, दिवा फडफडत होता. शेवटी तिनं बैलांना ओवाळलं आणि माणसांकडे न बघता आत गेली.

पुंडलिकरावांनी ऐकलं आणि दार लोटलं.

वच्छलाबाई ताट घेऊन उंबऱ्यातच उभ्या होत्या. प्रफुलनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी सचिन बोलला. “काकू, औषध म्या मारलं. पंप म्या घेतलता.”

“अन् न बघता तुमच्या वावरात मी फिरवला,” प्रफुल म्हणाला.

वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे पुन्हा तीन वर्सं?”

“हो मावशी. तुमचं वावर धरून चार वावरं. बाकीचे अठरा वाचतील.”

“दीर तं आता नाचन दारात.” त्यांनी बांड्याच्या कपाळाला कुंकू लावलं, घास भरवला. मग प्रफुलकडे वळून म्हणाल्या, “लिही वहीत. पण तुह्या वहीत अजून माह्या मालकाचं नाव आहे. मेलेल्या माणसाचं नाव घालू नको. वावर माह्यं आहे, नुकसान बी माह्यं आहे.”

प्रफुलनं तिथंच पायरीवर बसून जुनं नाव खोडलं आणि ‘वच्छलाबाई’ लिहिलं.

घरी आल्यावर रूपरावजींनी सचिनच्या हातातला कासरा काढून घेतला आणि बैल स्वतःच बांधले. सचिन गोठ्यामागं बैलबंडीच्या धुरीवर जाऊन बसला. प्रफुल त्याच्या बाजूला टेकला.

“तुह्यं काय यार,” सचिन म्हणाला. “तू शहरातला. बस पकडली का मोकळा. मले रोज बबनरावच्या दारावरूनच वावरात जा लागते. लोकं वर्सोनवर्स बोलतीन, अन् तू तिकडं सिनेमा पाहून राह्यला असशीन.”

प्रफुलला राग आला नाही. कसा येणार? “दुपारी पिशवी भरली होती मी,” तो म्हणाला. “दोन शर्ट घातले होते आत.”

सचिननं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. “मंग गेला काऊन नाई?”

“माहीत नाही बे. हात चालले नाहीत.”

गोठ्यात बैल रवंथ करत होते. आतून देवकाबाई जेवायला हाका मारत होत्या, रोजच्यापेक्षा हळू आवाजात. कोणीच उठलं नाही.

“ऐक,” प्रफुल म्हणाला. “उद्या साहेबांपुढं मी बोलतो. परवा सकाळी बबनरावांच्या दारावरून आपण दोघं सोबत वावरात जाऊ, आणि रोज जाऊ. वच्छलाबाईची तीन वर्षं भरत नाहीत तोपर्यंत मी हे गाव सोडत नाही. संस्थेनं पगार थांबवला तरी नाही. हा माझा तुले शब्द आहे, सचिन.”