कॉफीच्या वेळी

राइलीने स्क्रिप्ट पुसून टाकणारी ओळ तात्पुरती निष्क्रिय केली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. ती ओळ पुरावा नष्ट करण्यासाठीच लिहिली आहे, याविषयी तिला शंका उरली नव्हती.

फिनलंडमधल्या ताम्पेरेच्या कागद कारखान्यातील कागद वाळवणारे तापते रूळ ज्यावर चालत, तो प्रोग्राम ताइस्तोने लिहिला होता. शुक्रवारी तो निवृत्त होणार होता. रोज नऊ वाजता, सर्वजण कॉफीला गेले असता, त्याचा प्रोग्राम स्वतःच एक स्क्रिप्ट लिहीत असे, आतूनच कम्पायलर चालवून ती यंत्राला समजेल अशी करीत असे, आणि मूळ स्क्रिप्ट पुसून टाकीत असे.

"म्हातारा जाता जाता सुरुंग पेरतोय," तिने सकाळीच विभागप्रमुख सिनिक्काला सांगितले होते.

"दहापर्यंत खात्री कर. तसं असेल तर आजच दाराबाहेर. निरोपाचा केकही रद्द."

नऊला ताइस्तो दारात डोकावला.

"येत नाहीस? तो खादाड आर्तो बसलाय तिथे, बन उरायचे नाहीत हं."

"तू हो पुढे."

त्याची दृष्टी तिच्या पडद्यावर क्षणभर स्थिरावली. "अस्सं," एवढेच म्हणून तो निघून गेला.

या वेळी स्क्रिप्ट पुसली गेली नाही. राइलीने ती अधीरतेने उघडली. आत तापमानाचे नियम होते. रोज सकाळी ती स्वतः तक्त्यात भरीत असे, तेच. एका नियमात तिने कंस बंद केला नव्हता. कम्पायलरने तो नाकारला होता, आणि प्रोग्रामने त्याजागी कालचा नियम ठेवून रूळ सुरळीत चालू ठेवले होते.

इथे दुसऱ्याची चूक चारचौघांत दाखवणे असभ्य समजतात. एकांतात दाखवणे त्याहून असभ्य.

पुसणारी ओळ कधी लिहिली, ते तिने पाहिले. राइली स्वतः रुजू झाल्यानंतरचा दुसरा आठवडा.

सिनिक्का कप घेऊन आत आली. तिच्यामागे ताइस्तो, बोटांवरची साखर झटकीत.

"काय निघालं गं?"

"जाऊ दे ना, सिनिक्का," ताइस्तो घाईने म्हणाला. "जुनाट कोड आहे माझा."

राइली उठली आणि आपली खुर्ची तिने सिनिक्कापुढे सरकवली.

"बस. वरून वाच. नियम कोणी भरलेत, तिथपासून."