हिरव्या पाण्याची बादली

मी दुधाची गाडी बोलतेय. केज तालुक्यात डोंगराच्या कडेला एक गाव आहे, तिथल्या दूध सोसायटीची जुनी पिकअप. आता सोसायटीच्या शेडमागं उभी असते. चारी टायर मातीत रुतलेत आणि हौद्यात बाभळीच्या शेंगा पडतात. गाडीला कसलं आलंय बोलणं, असं म्हणाल. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय, आणि ती सांगितल्याशिवाय मला मोडीत जायचं नाही.

सोसायटीनं मला घेतलं तेव्हाच मी दुसऱ्याच्या हातची होते. तरी नारळ फोडून, गुलाल लावून आणलं. चेअरमन सुंदरराव फेटा बांधून पुढं बसले होते. ड्रायव्हर उत्तरेश्वर. सकाळी चाळीस घरचं दूध कॅनांत भरून शीतकरण केंद्रावर पोचवायचं आणि येताना पेंडीची पोती आणायची, एवढंच माझं काम. मला ते मनापासून आवडायचं.

माझा जुना रेडिएटर पितळेचा होता, जड आणि मानी. म्हातारपणी तो गळायला लागला. चढण लागली की वाफा निघायच्या. मग उत्तरेश्वर फडकं टाकून झाकण उघडायचा आणि पाणी ओतायचा. एरवी त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण त्या साली दुष्काळ होता. विहिरींचे तळ दिसत होते, टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, आणि त्यातलं पाणी धरणाच्या तळातलं, हिरवट, शेवाळाच्या वासाचं. बायका ते लुगड्याच्या पदरानं गाळून भरायच्या. त्यात माझी ही तहान.

तोडगा वत्सलाबाईंनी काढला. वत्सलाबाई म्हणजे उत्तरेश्वरची चुलती. नवरा गेलेला, पोटी कुणी नाही, घर शेडला लागूनच. एक दिवस दूध घालायला येताना त्यांनी तांब्याभर पाणी आणलं आणि शेडमधल्या पिंपात ओतलं.

"चाळीस घरचा एकेक तांब्या आणा गं," त्या बाकीच्या बायकांना म्हणाल्या. "गाडी थांबली तर दूध काय वढ्यात वतायचं?"

दुसऱ्या दिवसापासून सगळ्याजणी आणायला लागल्या. पोरांच्या तोंडचं पाणी ते. मला लाज वाटायची, पण पीत होते.

गंज धुवायला अधूनमधून माझ्यातून काढलेलं पाणीही कुणी फेकत नसे. उत्तरेश्वर ते बादलीत धरायचा आणि बादली माझ्या पुढच्या चाकाशी ठेवायचा. वत्सलाबाई ती उचलून गोठ्यात न्यायच्या. गंजानं तांबूस झालेलं का असेना, पाणी ते पाणी. कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे. चाकाशी बादली म्हणजे जनावराची, हे ठरूनच गेलं होतं.

वत्सलाबाईंच्या म्हाताऱ्या गाईला त्याच साली कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदणी. आईचं दूध सोसायटीला जायचं आणि हिच्या वाट्याला उरलंसुरलं. तरी पाच महिन्यांत बरी उभी राहिली. वत्सलाबाई दर साली कोयता घेऊन ऊसतोडीला जायच्या. पाठ मोडली होती त्यांची त्या कामानं.

"ही दुधाला आली की कोयता आढ्याला खोवणार," चांदणीच्या गळ्याखाली खाजवत त्या म्हणायच्या. "मग फडाचं तोंड बघायची न्हाई मी."

उन्हाळा तापला तसा सुंदररावांनी ठराव केला, गाडीला नवा रेडिएटर बसवायचा. पितळी कुठं मिळेना. केजच्या बंकट मिस्त्रीनं नव्या गाडीचा आणला, ॲल्युमिनियमचा, खालीवर प्लॅस्टिकच्या टाक्या. माझ्या जुन्याशेजारी तो अगदीच पाप्याचं पितर दिसत होता.

"ह्यो बसतो का बे हिच्यात?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"बसत न्हाई, बसवावा लागतो," बंकट म्हणाला.

दिवसभर माझं पोट उघडं होतं. त्यानं जुने अँगल कापले, नवे जोडले, धक्का बसू नये म्हणून ट्यूबच्या रबराचे तुकडे घातले. नव्याची खालची नळी भलत्याच बाजूला निघत होती, म्हणून दोन पाइप एकाला एक जोडून पट्ट्या आवळल्या. शेवटी इंजिन थंड ठेवणारं डब्यातलं हिरवंगार कुलंट पाण्यात कालवून भरलं.

"आता निस्तं पाणी घालायचं न्हाई," बंकटनं बजावलं. "आन हे लई इखारी असतं. वर गोड लागतं. जनावराला वास लागू देऊ नको."

"बरं," उत्तरेश्वर म्हणाला. गावात येऊन मात्र तो हे कुणाला बोलला नाही. मुद्दाम नव्हे. बोलायचं सुचलंच नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी चढण मी एका दमात चढले. पिंप उपडं झालं आणि चाळीस तांबे आपापल्या घरी राहिले. खोटं कशाला बोलू, मी फुशारले होते.

पंधरा दिवसांनी तो जोड पाझरायला लागला. उत्तरेश्वरनं सगळं कुलंट बादलीत काढलं, पुन्हा भरायला होईल म्हणून. नवी पट्टी आणायला त्यानं केजची जीप धरली. बादली त्यानं चाकाशी ठेवली. हातालाच सवय होती ती.

वत्सलाबाई आल्या. बादलीत डोकावल्या. पाणी हिरवं होतं, पण त्या साली कुठलं पाणी हिरवं नव्हतं? त्यांनी बादली उचलली. माझा हॉर्न माझ्याच अंगात होता, आणि तो मला वाजवता आला नाही. चांदणीनं बादली चाटूनपुसून रिकामी केली.

उत्तरेश्वर परतला तेव्हा ती झिंगल्यासारखी पाय टाकत होती. त्यानं रिकामी बादली पाहिली आणि डॉक्टरांना बोलवायला पळाला. दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले, तोवर ती आडवी झाली होती.

"काय पिली ही?" डॉक्टरांनी विचारलं.

तो गप्प राहिला असता तर दुष्काळाच्या नावावर खपून गेलं असतं. पण त्यानं सांगितलं. भर शेडसमोर, चाळीस घरच्या बायकांसमोर.

वत्सलाबाई रडल्या नाहीत. चांदणीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "कावून सांगितलं न्हाईस रे?" एवढंच म्हणाल्या. "एका शब्दाचं तर काम व्हतं." दुपारपर्यंत चांदणी गेली.

उत्तरेश्वर नवा रेडिएटर काढायला निघाला होता. वत्सलाबाईंनीच त्याचा हात धरला. "राहू दे. चाळीस घरचं पाणी वाचतंय. गाडीचा काय गुन्हा?"

दिवाळी झाली आणि वत्सलाबाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाल्या. केजपर्यंत मीच नेलं त्यांना. मांडीवर बोचकं, वर कोयता. उत्तरेश्वरनं वाटेत तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. चढणीवर मी जराही तापले नाही. त्या दिवशी तापले असते तर बरं, असं वाटलं.

पुढं मी थकले आणि शेडमागं आले. रेडिएटर तसाच पोटात, भरलेला. दर साली फडाला जाण्याआधी वत्सलाबाई यायच्या आणि माझ्याभोवती बाभळीच्या काट्या लावून जायच्या, कुणाचं जनावर जवळ येऊ नये म्हणून. बोटात काटा मोडला की तेवढ्या थांबायच्या.

यंदा त्या फडातून परतल्या नाहीत. तिकडंच ताप आला म्हणतात. काट्या वाळून वाऱ्यानं पांगल्यात. उन्हानं प्लॅस्टिकची टाकी तडकलीय आणि थेंब थेंब गळतंय. समोर शेडच्या सावलीत कुणीतरी नवी कालवड बांधलीय. कासरा लांब आहे.

वाचणाऱ्यांनो, मला मोडीत काढा, माझी काही तक्रार नाही. पण आधी माझ्या पोटातलं ते पाणी झाकणाच्या डब्यात काढा. आणि काढताना जो कोणी जवळ उभा असेल, त्याला ते काय आहे ते सांगा.