चरबी लावलेले ब्रेक

यासेन्यकमधून देसांकाची गाडी निघाली की वरच्या कामेनित्सा गावात, नवरीच्या घरी, ते बसल्या जागी कळायचं. उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक इतका कर्कश ओरडायचा की मधल्या दरीतले कावळे उडायचे. "व्याह्यांचं गाढव सुटलं," असं तिकडचे लोक म्हणत आणि हसत. देसांकाही हसून घ्यायची. पण चेष्टेची कुचेष्टा व्हायला वेळ लागत नाही, आणि मुलाचं लग्न रविवारवर येऊन ठेपलं होतं.

गाडी बावीस वर्षांची. हिरवी, उंच, चारही चाकांना जोर असलेली एसयूव्ही. देसांकाचा नवरा तिहोमिर सहा वर्षांपूर्वी गेला; त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंपैकी रोज कामाला येणारी ही एकच. कामेनित्साचा रस्ता म्हणजे अकरा वळणं आणि प्रत्येक वळणावर ओल्या पानांचा थर, त्यामुळे नवरी आणायची तर याच गाडीतून, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. मतभेद होता तो ओरडण्याबद्दल.

देसांकाला रोग केव्हाच कळला होता. ती एकतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये सुट्या भागांच्या खिडकीत बसली होती. मेकॅनिक यायचे, काय बिघडलं ते सांगायचे, भाग घेऊन जायचे. औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला जसे हळूहळू सगळे रोग कळायला लागतात, तसं तिचं झालं होतं. ब्रेक हलका दाबला की ओरडतो, जोरात दाबला की गप्प बसतो, म्हणजे चाकाच्या डिस्कला आवळणारे पॅड गुळगुळीत होऊन चकाकी धरलेत आणि त्यांना धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्यात. दोन तासांचं काम. शुक्रवारी सकाळी तिने जॅक बाहेर काढलाही होता.

तेवढ्यात वुकोला आला. वुकोला म्हणजे तिहोमिरचा धाकटा भाऊ, तिचा दीर. वरातीचा म्होरक्या तोच, त्यामुळे आठ दिवस आधीपासून तो छाती पुढे काढून चालत होता. त्याने जॅक तिच्या हातातून काढून घेतला.

"वहिनी, लग्नघरातल्या बाईने चाकाखाली शिरायचं? लोक मला काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या, भाऊजी. पिना बघा आधी. आणि पॅडला..."

"मला शिकवू नकोस. तू कोबीची पानं वळ."

देसांका गेली. दोनशे माणसांचं जेवण होतं, कोबीच्या पानात खिमा भरून वळायच्या गुंडाळ्या हजारावर होत्या, आणि वुकोलाशी वाद घालायचा तर लग्न पुढच्या वर्षावर ढकलावं लागलं असतं. शिवाय नवीन पॅडचा जोड ती स्वतःच तालुक्याच्या गावातून घेऊन आली होती. नवे पॅड बसवायला काय डोकं लागतं, असं तिला वाटलं. इथेच तिचं चुकलं.

यासेन्यकमध्ये गाडीखाली एकटं कुणी शिरत नाही. चाक उघडलं की बातमी पसरते आणि गडीमाणसं जमतात. आधी कॉफी. मग आलुबुखाराची राकिया, घरी गाळलेली, प्रत्येकाच्या घरची वेगळी, म्हणून प्रत्येकाची चाखायची. मग निदान. एकाच्या मते बेअरिंग गेलं होतं. निवृत्त पोस्टमनचं म्हणणं, गाडीला दृष्ट लागली आहे, लाल दोरा बांधा. तिसरा म्हणाला की त्याच्या मेव्हण्याच्या गाडीचाही असाच आवाज यायचा, मग त्याने ती विकली आणि आवाज थांबला. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं; दुपारपर्यंत निदानं सहा झाली आणि चाक एकच राहिलं.

अखेर वुकोलाने सगळ्यांना गप्प केलं. जुने पॅड काढून त्याने शेणखताच्या ढिगावर फेकले आणि नवे बसवायला घेतले. बसवता बसवता त्याला आपल्या बापाची बैलगाडी आठवली. त्या घराण्यात चार पिढ्या गाडीच्या आसाला डुकराची चरबी लावत आले होते. "आमच्या घरची गाडी कधी कुरकुरली नाही," हे त्याचं आवडतं वाक्य, आणि ते खरंही होतं. तो तळघरात गेला आणि चरबीची कढई घेऊन आला. पिनांना लावली, पॅडच्या पाठीला लावली, आणि मग हात सढळ म्हणून पॅडच्या तोंडाला आणि चकचकीत डिस्कलाही लावली. उजव्या चाकाला लावली म्हणून डाव्याला वाईट वाटू नये, तर तिकडचेही जुने पॅड ढिगावर फेकून नवे बसवले आणि त्यांनाही लावली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात; इथे बैलही नव्हता.

पण आवाज बंद झाला. गावातल्या सपाट रस्त्यावर वुकोलाने गाडी पाच वेळा पुढे-मागे केली, आणि ती मांजरासारखी चालली. हळू वेगात मागच्या चाकांचे ब्रेक तिला थांबवत होते, ते कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वुकोलाला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी राहिलं. देसांका खिडकीतून बघत होती आणि तिलाही बरं वाटलं. चला, एक काळजी मिटली.

शनिवारी दुपारी चर्चच्या आवारातून बाकं आणायची म्हणून तिने गाडी काढली. चर्च खाली, तिच्या घरापासून चांगला उतार. पहिल्या वळणाला तिला चरबी तळल्याचा खमंग वास आला. ऑक्टोबर आहे, कुणीतरी डुक्कर कापलेलं दिसतंय, असं म्हणून तिने काच खाली केली. दुसऱ्या वळणाला वास वाढला. घरं मागे पडली होती, आजूबाजूला नुसतं गवत, आणि वास गाडीबरोबर येत होता.

तिने ब्रेक दाबला. पेडल घट्ट होतं, पायाला नेहमीसारखंच लागलं, पण गाडी पुढे जातच राहिली. तिने आणखी दाबलं. गाडी जातच राहिली, अगदी शांतपणे, चूं की चां न करता.  तिने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी कडेच्या गवताच्या गंजीत नाक खुपसून उभी राहिली.

ती उतरली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसली आणि तिला स्पष्ट दिसलं की उद्या सकाळी या सीटवर वुकोला बसणार. मागे ओग्न्येन, तिचा एकुलता एक मुलगा, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या पोशाखातली नवरी, नेवेना. अकरा वळणं खाली. ती स्वतः मात्र घरी, कारण तिथल्या रीतीप्रमाणे वरात नवरीला आणायला जाते, नवऱ्याची आई जात नाही. ती दारात पाव आणि मीठ घेऊन थांबते. आपण पाव घेऊन उभ्या राहिलो असतो आणि कुणीच आलं नसतं, हा विचार तिच्या डोक्यात एकदा आला आणि तिने तो लगेच झटकला. मग तिला राग आला. वुकोलाचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. जॅक हातात असताना आपण तो दुसऱ्याला दिलाच का?

पहिल्या गिअरमध्ये, गोगलगाईच्या चालीने, ती घरी आली. अंगणात माणसं होती, वुकोला टेबलाच्या टोकाला बसून कालच्या पराक्रमाचा तिसरा प्रयोग करत होता. तिथल्या तिथे त्याला उभा आडवा घ्यावा असं तिला वाटलं. पण उद्या त्याला दोनशे माणसांपुढे चालायचं होतं. आणि तिहोमिरच्या मयतीच्या दिवशी याच माणसाने खड्डा एकट्याने खणला होता, फावड्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. तिने त्याला बाकं उतरवायला म्हणून गोठ्यामागे बोलावलं. बाकं गाडीत नव्हतीच.

"वास घ्या," ती म्हणाली.

वुकोलाने नाक वर केलं. "कुणीतरी चरबी तळतंय. छान."

"आपणच तळतोय, भाऊजी. चाकात."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो वाकला, चाकाजवळ गेला, गरम डिस्कच्या कडेने वितळून वाहिलेली चरबी त्याने बोटावर घेतली आणि तसाच उकिडवा बसून राहिला. देसांकाने त्याला गवताच्या गंजीची हकीकत सांगितली, आवाज न चढवता. त्याने टोपी काढली. त्याचे कान लाल झाले होते.

"मी त्यांना मारलं असतं," तो म्हणाला.

"मारलं नाहीत ना? मग उठा. पान्हा घ्या."

दुकानं दुपारीच बंद झालेली, नवे पॅड चरबी पिऊन बसलेले, म्हणजे कायमचे बाद. देसांकाने आदल्या दिवशीचं ऐकलं होतं, जुने पॅड कुठे गेले ते. ती खताच्या ढिगावर चढली आणि दोन्ही चाकांचे जुने पॅड शोधून घेऊन आली. ते अजून निम्मे शिल्लक होते, नुसती वरची चकाकी घालवायची होती. तिने दगडी ओट्यावर पॉलिश पेपर अंथरला आणि वुकोलाला ते घासायला बसवलं, गोल गोल, चकाकी जाऊन करडा खरखरीतपणा दिसेपर्यंत. मग कडा तिरक्या. तिने मधल्या वेळात पिना काढून पुसल्या. तिहोमिरच्या पत्र्याच्या पेटीत डेपोतल्या ब्रेकच्या ग्रीसची ट्यूब होती. वाटाण्याएवढी ग्रीस पिनांना, बोटाने एक पातळ हात पॅडच्या पाठीला, तोंडाला काहीही नाही.

"एवढीशी?" वुकोला न राहवून म्हणाला.

"एवढीच. पाठीला चालते, तोंडाला नाही. माणसांचं उलटं असतं, तुमच्या तोंडाला कालपासून चरबी लागलेय."

पहिल्यांदाच तो हसला. डिस्क धुवायला काही जालीम हवं होतं. वुकोला स्वतःहून घरी गेला आणि पहिल्या धारेच्या राकियाची बाटली घेऊन आला, जी पिण्यासाठी नसते, गुडघे चोळायला ठेवतात. चार फडकी भिजवून त्यांनी दोन्ही डिस्क पुसल्या, कॅलिपर पुसले, पुन्हा पुसले. पाचव्या फडक्यावर डाग आला नाही तेव्हा देसांकाने मान हलवली.

मग तिने गाडी उतारावर नेली. वुकोला शेजारी. पहिल्यांदा हळू, मग जरा वेगात, मग तिने पेडलवर सगळा भार टाकला आणि वुकोलाचं कपाळ समोर आपटता आपटता राहिलं. दहा वेळा थांबली गाडी, दहा वेळा जिथे हवी तिथे. ओरडली नाही. वासही नाही. देसांकाला इतकं हलकं वाटलं की घरी न जाता आणखी चार फेऱ्या माराव्यात असं मनात आलं. 

रविवारी सकाळी अंगण भरलं. बँड आला, गाड्यांना फुलं लागली. वुकोलाच्या छातीवर म्होरक्याचा कशिद्याचा टॉवेल होता. देसांका पावाची परात घेऊन दारात आली, तेव्हा त्याने बँडला थांबायला सांगितलं. ब्रेकची गोष्ट त्याने सगळी सांगितली. चरबी, गंजी, खताचा ढीग, काहीच गाळलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय ते आपल्यावरून शिका, असंही म्हणाला. लोक आधी हसले, पण गोष्ट गंजीपाशी आल्यावर हसणं थांबलं. ओग्न्येन आईकडे बघत राहिला.

"म्हणून गाडी वहिनी चालवेल," वुकोला म्हणाला. "मला वाटेत प्रत्येक फाटकावर प्यावं लागणार, आणि ती घेत नाही."

एक म्हातारी आत्या पुढे झाली. सासू घरी थांबते, ती नवरी आणायला गेल्याचं कधी ऐकलं नाही, असं तिचं म्हणणं.

"सासू घरी थांबते, खरं आहे, आत्या," वुकोला म्हणाला. "ड्रायव्हर घरी थांबतो, असं कुणी सांगितलं?"

 पावाची परात आत्याच्याच हातात आली.

देसांका कामेनित्साला गेली, पण नवरीच्या अंगणात पाऊल टाकलं नाही, तेवढी रीत तिने पाळली. फाटकाबाहेर गाडीतच बसून राहिली, गाणी ऐकत. नेवेनाला घेऊन ती अकरा वळणं खाली आली, मागे सतरा गाड्यांचे हॉर्न. घराच्या फाटकाशी गाडी थांबली तशी ती दार उघडून धावतच पायऱ्या चढली, आत्याच्या हातून परात घेतली आणि धाप टाकत दारात सासू होऊन उभी राहिली. लोकांना हसू आवरेना.

नेवेना चढून वर आली. तिने पावाचा तुकडा मिठात बुडवून खाल्ला आणि सासूचा हात चुंबण्यासाठी आपल्या हातात घेतला. देसांकाने तो मागे ओढला. तीनदा साबण लावूनही नखांतलं काळं गेलं नव्हतं. नेवेनाने सोडला नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "त्या रस्त्यावर माझ्या थोरल्या भावाची गाडी गेली होती दरीत. तेव्हापासून मी उतरताना डोळे मिटून बसते. आज शेवटपर्यंत उघडे होते."

आणि तिने त्या काळ्या नखांवरच ओठ टेकले.